ऋषीचे कूळ, नदीचे मूळ आणि एमजीबीचा पत्रा

जुन्या मोटारी घरच्या घरी खोलून पुन्हा उभ्या करणाऱ्या ब्रिटिश छांदिष्टांमध्ये ढोबळमानाने दोन पंथ आढळतात. मोटार कारखान्याच्या फाटकातून ज्या अवस्थेत बाहेर पडली त्याच अवस्थेत ती परत आणली पाहिजे, मग त्या अवस्थेत ती धड चालत नसली तरी बेहत्तर, असे मानणारा पहिला पंथ सनातन्यांचा. आणि कारखान्याने करून ठेवलेल्या चुका निस्तरण्यासाठीच आपला जन्म आहे, अशी धारणा बाळगणारा दुसरा पंथ सुधारकांचा. या पंथांमधील वाद एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये, कारण 'आधी सामाजिक की आधी राजकीय' या प्रश्नाच्या जागी 'आधी पत्रा की आधी इंजिन' एवढा फरक केला, की वादाचा आवेश, त्याची चिकाटी आणि वाद चालू असेतोवर तुंबून राहणारे काम ही तिन्ही जवळपास तशीच राहतात. या दोन पंथांना विभागणारी रेषा मोटारीच्या नेमक्या कोणत्या भागातून जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय असून त्यासाठी एमजीबी या गाडीचे उदाहरण घेतले आहे. कारण तिची रचना इतकी साधी आहे की ती आपल्याला जमेल असे कोणालाही वाटते, आणि या वाटण्यावरच हा सारा व्यवहार उभा आहे.

एमजी ही अक्षरे भारतीय वाचकाला २०१९पासून गुजरातमधील हालोल येथे तयार होणाऱ्या उंच, बंदिस्त आणि वातानुकूलित गाड्यांमुळे परिचित झाली असली, तरी त्यांचा उगम ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस' या मोटारविक्रीच्या पेढीत आहे, आणि या नावाची सर्वाधिक गाजलेली गाडी उंचही नव्हती आणि बंदिस्तही नव्हती. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही दोन आसनांची, १७९८ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाची आणि डोक्यावर कापडी टप असलेली मोटार होती. ज्या मोटारीचा टप, म्हणजे छत, हवे तेव्हा उघडता येते तिला कन्व्हर्टिबल म्हणतात. पक्क्या छताच्या जीटी या तिच्या भावंडासह ही गाडी पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली आणि त्यातील फार मोठा हिस्सा अमेरिकेला गेला, जिथे ऊन पडते. बाकीच्यांतील बऱ्याच गाड्या इंग्लंडमध्ये राहिल्या, आणि त्यांच्या तिथे राहण्यातूनच पुढील सर्व प्रश्न निर्माण झाले.

सुरुवातीच्या गाड्यांबरोबर मिळणारा साधा टप मिटत नसे, तर सुटा होत असे; कापड वेगळे, त्याखालची नळ्यांची चौकट वेगळी, आणि उघड्या हवेत फिरताना दोन्ही डिकीत. घडीचा टप हवा असल्यास जादा पैसे मोजावे लागत. त्यामुळे पाऊस आला असता चालकाने गाडी बाजूला घ्यावी, डिकी उघडावी, चौकट जोडावी, कापड ताणावे, बटणे लावावीत आणि मग कोरड्या जागी बसावे, अशी उत्पादकाची अपेक्षा असे. इंग्लंडमधील सरींचा स्वभाव पाहता शेवटचे बटण लागेपर्यंत पाऊस थांबलेला आणि कोरडी जागा शिल्लक नसलेली, असा निष्कर्ष निघण्याची शक्यता मोठी होती. नवा टप चढवण्याची रीतही याच परंपरेला धरून आहे. विनाइलचे कापड थंड असताना ताणले जात नाही, सबब ते उन्हात पसरून मऊ करावे लागते, म्हणजेच पावसापासून रक्षण करणारी वस्तू बसवण्यासाठी आधी ऊन पडण्याची वाट पाहावी लागते, आणि ही वाट कित्येकदा एका उन्हाळ्यातून दुसऱ्या उन्हाळ्यात जाते.

या उद्योगाची जागा म्हणजे घराला लागून असलेले गॅरेज. ब्रिटनमध्ये एका गाडीच्या जुन्या गॅरेजचे रूढ माप सुमारे १६ फूट बाय ८ फूट, तर एमजीबीची लांबी पावणेतेरा फुटांच्या आसपास आणि रुंदी ५ फूट; तेव्हा कागदावर पाहता दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जागा उरते, जी सडपातळ माणसाला आडवे होऊन चालण्यास पुरेशी आहे. परंतु हे गणित जोडलेल्या मोटारीचे झाले. खोललेली मोटार जोडलेल्या मोटारीच्या कितीतरी पट जागा व्यापते, हा या क्षेत्रातील पहिला नियम असून त्याचा प्रत्यय गॅरेजपेक्षा घरात अधिक येतो. आसने पाहुण्यांच्या खोलीत, गिअरबॉक्स जिन्याखाली, क्रोमचे दिवे वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली आणि कार्बोरेटर स्वयंपाकघरात, अशी त्यांची वाटणी होत जाते. रोज वापरायची, म्हणजे चालणारी, गाडी या काळात रस्त्यावर पावसात उभी असते, कारण गॅरेज न चालणाऱ्या गाडीने अडवलेले असते. गंज थांबवण्यासाठी उभारलेल्या या व्यवस्थेत गंज थांबत नाही, तो केवळ एका गाडीकडून दुसरीकडे वर्ग होतो.

गंजाचा विचार करताना एमजीबीच्या हाडांचा विचार करणे प्राप्त आहे. तिच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी, म्हणजे सगळा भार पेलणारी वेगळी लोखंडी चौकट होती. एमजीबीमध्ये मात्र मोनोकॉक पद्धत स्वीकारली गेली, जिच्यात पत्र्याचे शरीर हाच सांगाडा असतो आणि पत्रा कुजला की सांगाडाच कुजतो. बंदिस्त मोटारीत छत या कामी हातभार लावते, पण उघड्या मोटारीत ती सोय नसल्याने पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग यांचे नाते टिकवण्याची जबाबदारी मुख्यतः दरवाज्यांखालच्या दोन उंबऱ्यांवर येऊन पडते. हे उंबरे आत एक पत्रा, बाहेर एक पत्रा आणि खाली कंगोऱ्यांची एक पट्टी अशा पोकळ रचनेचे असतात. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून ब्रिटिश रस्त्यांवर मीठ टाकले जाते, ते चिखलाबरोबर या पोकळीत जाऊन बसते, आणि मग पत्र्याचे काय होते हे कोकणपट्टीतील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

बाहेरून चकाकणाऱ्या उंबऱ्याला पेचकस टोचून पाहणे ही या शास्त्रातील पहिली परीक्षा होय. पेचकस अडला तर पत्रा शाबूत. पेचकस मुठीपर्यंत आत गेला तर ज्याला पत्रा समजत होतो ती लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याचे पुट्टीसारखे द्रव्य असून तिच्यामागे जाळी, वर्तमानपत्र किंवा केवळ श्रद्धा आहे, असे निदान होते. या पापाचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर सर्व पंथांत एकच आहे, आणि ते म्हणजे पूर्वमालक. पूर्वमालक हा या वाङ्मयातील खलपुरुष होय. चुकीच्या रंगाची वायर, अर्धवट आवळलेला बोल्ट, आसनाखालचे प्लायवूड हे सारे त्याचेच कर्तृत्व मानले जाते, आणि त्याला शिव्या घालणारा प्रत्येक छांदिष्ट स्वतः कोणाचा तरी भावी पूर्वमालक असतो, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

कुजलेला उंबरा कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी मारून ती जखडून घ्यावी लागते, अन्यथा आधार जाताच गाडी मध्यभागी वाकते आणि नवा उंबरा त्या वाकलेल्या अवस्थेतच पक्का होऊन दरवाजा आयुष्यभर लागत नाही. बाहेरचा उंबरा दिसतो तेवढाच नसतो, तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या आतपर्यंत गेलेला असतो. पुढचे मडगार्ड बोल्ट काढून सुटते, मागचे वेल्ड केलेले असल्याने कापावे लागते, आणि अशा रीतीने तळहाताएवढे भोक बुजवायला बसलेला गृहस्थ रविवारच्या संध्याकाळपर्यंत निम्मी गाडी कापून मोकळा होतो. त्यानंतर वेल्डिंगची पाळी येते. घरगुती कारखान्यात रूढ असलेल्या मिग पद्धतीत यंत्रातून तार आपोआप पुढे येते, तिच्याभोवती हवेला दूर ठेवणारा वायू सुटतो आणि विजेच्या ठिणगीत तार व पत्रा एकजीव होतात, असे पुस्तकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर बोट क्षणभर अधिक दाबले गेले, की पत्रा वितळून भोक पडते, ते बुजवताना शेजारी दुसरे पडते, आणि नवशिक्याचा हात बसेपर्यंत ज्या पत्र्यावर तो बसवायचा तो पत्राच उरलेला नसतो.

इथे पुस्तकांचाही विचार करणे अगत्याचे आहे. जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर पहिली मालकोपयोगी दुरुस्ती-पुस्तिका प्रसिद्ध केली आणि त्यानंतर गाडी प्रत्यक्ष खोलून, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेऊन ती पुन्हा जोडण्याची त्यांची पद्धत घरोघरी पोहोचली. जोडणी म्हणजे खोलण्याची उलट क्रिया, हे या परंपरेचे आधारसूत्र. तर्काच्या दृष्टीने ते निर्दोष असले, तरी खोलताना बोल्टचे डोके तुटले असेल, तर उलट क्रियेत ते परत जोडले जात नाही, एवढी एक त्रुटी त्यात राहून गेली आहे. शिवाय खोलणे आणि जोडणे यांमध्ये काही वर्षे लोटलेली असतात, आणि ज्या पिशवीवर त्या वेळी मोठ्या अक्षरांत 'महत्त्वाचे' असे लिहून ठेवले होते तिच्यात नेमके काय आहे आणि ते कशासाठी महत्त्वाचे होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसते.

पान्यांचा प्रश्न याहून गहन आहे. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेली आट्यांची, म्हणजे स्क्रूवरील पेचांची, प्रमाणित पद्धत ब्रिटनमध्ये शतकभर टिकली आणि तिच्या परंपरेतील पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असे, म्हणजे जे दिसते ते मोजायचे नाही, असा तिचा संकेत होता. एमजीबीच्या काळापर्यंत नव्या इंची आटे-पद्धतीने बहुतेक जागा घेतली होती, तरी जुन्या पद्धतीचे काही अवशेष कानाकोपऱ्यांत तग धरून राहिले. आणि सुधारकाने जर त्यात फोर्डचा पाच गिअरांचा मेट्रिक गिअरबॉक्स बसवला, तर एकाच गाडीखाली आडवे पडून तीन पिढ्यांचे पाने हाताशी ठेवावे लागतात, ज्यांपैकी हवा असलेला पाना नेमका गाडीच्या दुसऱ्या बाजूला असतो.

सनातनी आणि सुधारक यांची खरी कसोटी कार्बोरेटरपाशी लागते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण इंजिनाला पुरवणारे हे उपकरण एमजीबीवर जोडीने येते आणि ते एसयू या घराण्याचे असते. या नावामागील स्किनर बंधू पादत्राणांच्या व्यापारात नाव मिळवलेल्या कुटुंबातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरचा भाता चामड्याचा होता. पुढे चामड्याची जागा धातूच्या दट्ट्याने घेतली. इंजिनाच्या ओढीप्रमाणे हा दट्ट्या घुमटाकृती टोपीत वरखाली होतो, त्याच्या बुडाला असलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट कमीजास्त करते, आणि दट्ट्याने उड्या मारू नयेत म्हणून त्याच्या पोकळ दांड्यात थोडे तेल घातलेले असते. हे तेल कोणते असावे यावर आजवर जेवढे बोलले गेले आहे तेवढे तेलही त्यात मावत नाही. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही हे तपासण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून फुत्कार ऐकायचा, एकीकडचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ऐकायचे, आणि दोन्ही फुत्कार सारखे झाले असे वाटले की उरलेल्या समायोजनाने ते पुन्हा बिघडवायचे, अशी ही साधना आहे.

सुधारक या जोडीच्या जागी वेबर कंपनीचा एकच कार्बोरेटर बसवून मोकळा होतो आणि सनातनी त्याला आत्मा विकल्याचा दोष देतो. परंतु त्याच सनातन्याच्या डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या यंत्राची, टोपी उचलून पाहिली असता आतले मूळचे पॉइंट, जे वरचेवर घासून, अंतर मोजून बसवावे लागतात, ते केव्हाच नाहीसे होऊन त्यांच्या जागी नखाएवढा इलेक्ट्रॉनिक संच बसलेला आढळतो. टोपी मूळची, वायरी मूळ रंगाच्या, आणि आतला कारभार नवा. बाहेरून सोवळे पाळण्याची ही रीत दोन्ही पंथांना ठाऊक असून सौजन्यापोटी तिचा उच्चार होत नाही. पुढे पाहता पाहता हीच सवलत कापडी टपाच्या प्रतीला, ब्रेकच्या अस्तराला आणि कूलिंगच्या पंख्याला लागू होते. यावरून असा सिद्धांत मांडता येतो, की जे दुरुस्त करता आले नाही त्याला सुधारणा म्हणावे आणि जे बदलणे परवडले नाही त्याला मूळपण म्हणावे. तिसरा प्रकार अद्याप आढळलेला नाही.

मोठ्या सुधारणांत हा सिद्धांत अधिक ठळक होतो. अमेरिकेतील धडक-सुरक्षेच्या नियमांमुळे १९७४च्या उत्तरार्धापासून एमजीबीला क्रोमच्या बंपरांऐवजी काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंच-दीड इंच उंच झाली. हे रूप कारखान्याचेच असल्याने शुद्ध सनातनी न्यायाने ते पवित्र मानले पाहिजे, पण असंख्य गृहस्थ ते कापून, पत्रा जोडून, गाडी पुन्हा खाली बसवून तिला क्रोमचे बंपर लावतात आणि या मोडतोडीला मूळ रूपाकडे परतणे असे म्हणतात. व्ही-८ इंजिनाची कथा याच्या पुढची आहे. इंग्रज तंत्रज्ञ केन कॉस्टेलो यांनी रोव्हरचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन एमजीबीत बसवून दाखवले, त्यानंतर १९७३ मध्ये कारखान्याने तसे इंजिन असलेली गाडी काढली, पण ती केवळ पक्क्या छताच्या रूपात; उघड्या गाडीला ते इंजिन कारखान्याने त्या काळी दिलेच नाही, ही उणीव भरून काढणे असंख्य गॅरेजांनी आपले कर्तव्य मानले. इंजिन वाढले की रेडिएटर वाढतो, वेग वाढला की ब्रेक वाढवावे लागतात, ताकद वाढली की मागचा ॲक्सल कुरकुरतो, आणि एक्झॉस्टच्या नळ्यांना वाट मिळावी म्हणून पुष्कळदा मडगार्डाच्या आतल्या पत्र्याला भोक पाडावे लागते. ज्या पत्र्यातील भोके बुजवण्यात आधीची दोन वर्षे गेली त्याच पत्र्यात नवे, मोठे आणि गोल भोक स्वहस्ते पाडण्याचा हा क्षण या शास्त्राचा कळस मानावा लागतो.

ब्रिटिश शासनाने या प्रश्नात लक्ष घातले ते गुणपत्रिकेच्या मार्गाने. आमूलाग्र बदललेल्या गाडीला तिचा जुना नोंदणी क्रमांक ठेवता यावा की नाही हे ठरवण्यासाठी अनेक वर्षे जी पद्धत लागू होती तिच्यात चासीला किंवा मोनोकॉक सांगाड्याला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला १ गुण होता. उत्तीर्ण होण्यास ८ गुण लागत. ज्या इंजिनापायी घरातील सुटीचा प्रवास तीनदा रद्द झाला त्याची शासनदरबारी किंमत एक गुण एवढी होती, आणि कुजक्या उंबऱ्यांच्या सांगाड्याची त्याच्या पाचपट. दुसरीकडे २०१८पासून, चाळीस वर्षे उलटलेल्या आणि लक्षणीय बदल न झालेल्या गाड्यांना एमओटी या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. बदल लक्षणीय नाही हे जाहीर करण्याचे काम मालकाकडे सोपवलेले असल्याने, आपल्या हातून लक्षणीय असे काही घडले नाही, ही कबुली हा वर्ग आयुष्यात बहुधा याच एका प्रसंगी आनंदाने देतो.

मग मूळ गाडी म्हणजे कोणती? ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे मराठीत म्हटले जाते, आणि एमजीचा इतिहास पाहता त्या यादीत तिसरी भर घालणे योग्य ठरेल. १९२२ मध्ये मॉरिस गॅरेजेसचे व्यवस्थापक झालेले सेसिल किंबर यांनी साध्या, कुटुंबवत्सल मॉरिस गाड्यांवर देखणी खेळकर शरीरे चढवण्यास प्रारंभ केला आणि त्यातून एमजी जन्माला आली. म्हणजे जिच्यात फेरफार होऊ नये असा सनातन्यांचा आग्रह आहे तो वंशच मुळी दुसऱ्याच्या गाडीतील फेरफारातून निघालेला आहे. एमजीबीचे इंजिनही बीएमसी या तिच्या मालक कंपनीच्या साध्या घरगुती गाड्यांना मिळणाऱ्या बी-सिरीज कुळातले. एवढ्यावर न थांबता १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ साचे वापरून एमजीबीचा कोरा करकरीत सांगाडा विकायला काढला, आणि त्याच सांगाड्याच्या आधारावर १९९०च्या दशकात आठ सिलिंडरांची एमजी आरव्ही-८ निघाली, जिच्या सुमारे दोन हजार गाड्यांपैकी बहुसंख्य जपानला गेल्या. याचा अर्थ असा, की नवा सांगाडा, नवे भाग आणि नवा टप यांची गाडी आज मूळ साच्यातली असल्याने सनातन्याला मान्य होते, तर १९६३ सालचा गंजका पण अस्सल पत्रा तीन ठिकाणी वेल्ड केला म्हणून त्याच्या नजरेतून उतरतो. आणि सुधारक जो खटाटोप करतो, तो किंबर यांनी केलेल्या खटाटोपाच्या सर्वांत जवळचा असूनही त्याला परंपराद्रोही म्हटले जाते.

या पेचातून सुटण्याचा रूढ मार्ग म्हणजे सुट्या भागांसाठी दुसरी एमजीबी विकत घेणे. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला आधीच लागून गेलेला असल्याने आणखी चार आण्यांची कोंबडी घेतली तर बिघडते कुठे, असा हिशेब त्यामागे असतो. ही दुसरी गाडी अंगणात आली की तिच्या उंबऱ्याला पेचकस टोचून पाहिला जातो, आणि तो अडतो. दात्याचा पत्रा याचकापेक्षा बरा निघाल्यावर दुसरी गाडी उभी करावी आणि पहिलीचे भाग तिला द्यावेत, असा ठराव होतो. पुढे दुसरीच्या गिअरबॉक्सने दगा दिला की तो फिरवून पहिलीकडे येतो. घरच्या मंडळींनी या काळात गाड्या किती आहेत असे विचारले असता दीड, असे उत्तर मिळते, आणि त्यातली अर्धी कोणती हे त्या आठवड्यात कोणता भाग हाती लागला यावर ठरते.